बँडवाल्याची पोरगी वाचते

"वाच म्हणालो मी. वाजव नाही म्हणालो."

सर एवढंच बोलले. सगळा वर्ग हसला.

मी उभी होते. हातात अकरावीचं जीवशास्त्राचं पुस्तक. मूत्रपिंडाचा धडा. सरांनी एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला सांगितला होता, इंग्रजीत. पहिलं वाक्य कसंबसं गेलं. दुसऱ्यात 'ग्लोमेरुलस' आला आणि जीभ अडकली. ग्लो. ग्लोमे. ग्लो. परत ग्लो. तेव्हा सर ते बोलले.

वर्गातल्या सगळ्यांना त्यातली मेख कळली, कारण चारच दिवसांपूर्वी त्यातले बरेच जण एका लग्नाला गेले होते. वर्गातल्या एका मुलाच्या भावाचं लग्न. सर पण होते. मी गेले नव्हते. वरातीत बँड माझ्या बापाचा होता, हे मला माहीत होतं. आप्पा क्लॅरिनेट वाजवतात. लाल कोट, सोनेरी पट्टी, डोक्याला टोपी. वरात थांबली तेव्हा आप्पांना सर दिसले. क्लासच्या जाहिरातीवरचा फोटो त्यांनी पाहिला होता. आप्पा रांग सोडून गेले, क्लॅरिनेट काखेत धरलं, नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, माझी पोरगी तुमच्याकडंच शिकत्या."

हे त्यांनी घरी येऊन मला सांगितलं. केवढ्या आनंदानं सांगितलं! "वळखलं बघ त्यांनी लगेच. नाव घेतलं तुझं."

तो नमस्कार मला वर्गात परत मिळाला.

मी खाली बसले. सरांनी पुढच्या मुलीला वाचायला सांगितलं. ऋचा तिचं नाव. आईवडील दोघंही डॉक्टर. तिनं तो परिच्छेद पाणी प्यावं तसा वाचला. सुटी झाल्यावर जिन्यात ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "सॉरी हं. मला पण हसू आलं. पण सर तसेच आहेत गं, मनावर घेऊ नको."

मी म्हटलं, "न्हाई घेतलं."

घेतलं होतं.

आम्ही मातंग. गावात आमच्यासाठी दुसरा शब्द आहे, तो मी इथं लिहीत नाही. आजोबांनी गाव सोडलं, कोल्हापूरला आले, बँडमध्ये शिरले. आप्पाही त्याच बँडमध्ये. आई एका खानावळीत चपात्या लाटते. घर एका खोलीचं. मी मराठी शाळेत शिकले. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून सायन्सला गेले. नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या, क्लासनं एक परीक्षा ठेवली होती, पहिल्या काही मुलांना फी माफ. त्यात माझा नंबर लागला. आमच्या गल्लीतल्या कुणी क्लासच्या त्या काचेच्या इमारतीत पाय ठेवला नव्हता.

आणि तिथं गेल्यावर मला समजलं की मला वाचता येत नाही.

म्हणजे अक्षरं येत होती. पण शाळेत आम्ही पुस्तक कधी वाचलंच नव्हतं. बाई फळ्यावर उत्तर लिहायच्या, आम्ही उतरवायचो, पाठ करायचो, परीक्षेत तसंच काढायचो. क्लासमध्ये तेच, फक्त फळ्याच्या जागी पडदा. घरी आलं की मोबाइलवर व्हिडिओ. ऐकून ऐकून मी इथवर आले होते. एक अख्खा धडा स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी कधी वाचला नव्हता. आणि नीटचा अर्धा पेपर जीवशास्त्राचा. तो येतो त्या पुस्तकातल्या ओळींमधून. चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, त्याच्यावरसुद्धा प्रश्न येतो.

त्या दिवसानंतर तर पुस्तक उघडलं की ओळी दिसायच्या आधी हसू ऐकू यायचं. मी पुस्तक मिटायची. मोबाइल घ्यायची. व्हिडिओतला माणूस भराभर बोलायचा, मला वाटायचं सगळं कळलं. चाचणी आली की हातात काही नसायचं. मार्क खाली गेले. मग आणखी खाली.

क्लासनं पालकांची मीटिंग बोलावली. आप्पांचं नाव घेतलं गेलं तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी होते. मागं बाकीचे पालक खुर्च्यांवर. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाहेर चपला काढून आले होते. बाकी कुणीच काढल्या नव्हत्या.

सर आवाज कमी न करता बोलले. "मुलगी हुशार आहे हो. पण वाचनाचे संस्कार नाहीत. घरात पुस्तक नसलं की असं होतं. तुमची चूक नाही, तुम्हाला ते कळणार नाही. एक सांगू? नर्सिंगला घाला. तुमच्यात तेवढंही खूप झालं. नाहीतरी तुम्हाला कमी मार्कांत मिळतंच, पण तेवढे तरी पडायला हवेत ना."

आप्पा हात जोडून म्हणाले, "व्हय साहेब. तुमी म्हणाल तसं."

त्यांच्या उजव्या अंगठ्याला घट्टा आहे, क्लॅरिनेट पेलून पेलून आलेला. जोडलेल्या हातांत तो मला दिसत होता. मी त्याच्याकडंच बघत राहिले. वर बघितलं असतं तर रडले असते.

 बसस्टॉपवर आप्पा म्हणाले, "संस्कार म्हंजे काय म्हणाले गं ते? मी काय तुला वाईट वळण लावलं काय?"

 त्या शब्दानं माझ्या डोक्यात घर केलं. संस्कार. म्हणजे ऋचाला वाचता येतं ते रक्तातून आलं. आणि मला येत नाही तेही रक्तातून. मी एकदा ऋचाच्या घरी गेले होते, वही आणायला. तिला स्वतःची खोली. दार. दाराला कडी. टेबलावर दिवा. आई दार वाजवून आत येते. तिच्या घरात संस्कार कुठं ठेवलेत ते मला दिसले नाहीत. कडी मात्र दिसली.

मला एक दार हवं होतं. बाकी मी बघून घेतलं असतं.

आप्पांच्या बँडचा गाळा शिवाजी पेठेत आहे. एका तालमीच्या शेजारी, अरुंद बोळात. आत ढोल, ताशे, ट्रंपेट, कोटांच्या ट्रंका. आषाढ लागला की लग्नं थांबतात, गाळा बंद असतो. मी आप्पांना किल्ली मागितली.

"तिथं काय करणार तू?"

"वाचणार."

"उजेड न्हाई तिथं पुरता."

"दार उघडं ठेवतो की."

कोल्हापुरात आम्ही पोरीही 'ठेवतो, जातो' असंच म्हणतो. क्लासमध्ये मात्र 'ठेवते, जाते' म्हणायला मी शिकले होते.

आप्पांनी किल्ली दिली. वर एक बल्ब लावून दिला. आप्पांच्या रियाजातून मी चिकाटी शिकले, असं इथं लिहायला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. आप्पा त्या दिवसांत हमालीला जायचे.

मी सकाळी क्लासच्या आधी गाळ्यात जायची. मोबाइल आईकडं दिलेला. सतरंजी अंथरायची, एका ढोलाला पाठ लावायची आणि पुस्तक उघडायची. पहिल्या दिवशी दोन परिच्छेद झाले. दोनच. एका एका ओळीत शब्द अडत होते. डिक्शनरी बघेपर्यंत वाक्याचं आधीचं टोक निसटायचं. डोकं ठणकायला लागलं. हात सारखा मोबाइल शोधायचा, खिशात, सतरंजीवर, नसलेल्या जागी. बोळातून फुटबॉल खेळायला जाणारी पोरं आत डोकावायची. "काय वाजवालीस गं?" असं एकानं विचारलं. मी दार थोडं लोटून घेतलं.

मग एक रीत बसली. एक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा. अडलं तरी वाचायचा, इथं हसायला कुणी नव्हतं. मग पुस्तक मिटायचं आणि भिंतीला मराठीत सांगायचं. रक्त गाळणीत येतं. गाळणीला दाब पाहिजे. दाब कशानं येतो? आत येणारी नळी रुंद, बाहेर जाणारी अरुंद. सांगता आलं नाही तर परत उघडायचं. चित्र बघायचं. चित्राखालची ओळ वाचायची. मग पुढचा परिच्छेद.

यात मजा नव्हती. लोक वाचनाच्या आनंदाविषयी बोलतात, तो मला कित्येक आठवडे भेटला नाही. पाठ दुखायची. पाळीच्या दिवसांत पोट धरून वाचायची. कधी ओळीवर बोट ठेवून तशीच झोपायची, जाग आली की गालावर सतरंजीचे वळ. कधी पान उलटल्यावर कळायचं की मागचं काहीच डोक्यात गेलं नाही, मग पान परत मागं. बसून राहणं हेच काम होतं. उठावंसं वाटलं तरी बसून राहणं.

आणि एकदा, पेशींच्या धड्यात असताना, बाहेर कुणीतरी जोरात हाक मारली तेव्हा मी दचकले. बघितलं तर मी पान संपवून पुढच्या पानाच्या मध्यावर होते. कधी आले, कळलं नव्हतं. कुठंही अडले नव्हते. मी ते पान परत बघितलं. सगळं कळत होतं. मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि रडले. आनंद होता असं म्हणता येणार नाही. राग होता. एवढंच होतं? एवढ्यासाठी माझ्या बापाला हात जोडायला लावले?

एक खोली, थोडा उजेड, बसायला वेळ, आणि हसायला कुणी नाही. वाचायला एवढं लागतं. ज्यांना ते जन्मापासून मिळतं ते त्याला संस्कार म्हणतात.

गणपतीत बँड सुरू झाला, गाळा भरला. मी वाचनालयात जायला लागले, पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बाजूच्या बाकावर. तोवर मनात वाचायची सवय झाली होती. मोठ्यानं वाचायची गरज राहिली नव्हती. चाचण्यांत मार्क वर आले. जीवशास्त्रात तर मी पहिल्या काही मुलांत आले. भौतिकशास्त्र मात्र मान वर काढू देत नव्हतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. सर चाचणीचे पेपर घेऊन वर्गात आले. माझा पेपर वर काढला.

"उभी राहा."

मी उभी राहिले.

"बघा हिच्याकडं," सर वर्गाला म्हणाले. "बँडवाल्याची पोरगी वाचते. हिच्या घरात पेपरसुद्धा येत नाही. आणि तुम्ही? घरात लायब्ऱ्या आहेत तुमच्या. लाजा वाटू द्या जरा." मग माझ्याकडं वळून, हसून, "वाच गं. हा परिच्छेद वाचून दाखव यांना."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी.

पुस्तक माझ्या हातात होतं. तो परिच्छेद मला आवडणारा होता. एकही शब्द अडला नसता. छान वाचला असता, आणि सरांनी पाठ थोपटली असती, आणि मी परीक्षेपर्यंत क्लासची लाडकी झाले असते. हे सगळं मला त्या क्षणी दिसलं. आणि हेही दिसलं की त्या वेळी आणि या वेळी मी एकाच जागी उभी आहे. फक्त हसण्याच्या जागी टाळ्या आहेत.

"न्हाई वाचणार," मी म्हणाले.

"काय?"

"मला येतंय वाचायला, सर. पण असं न्हाई वाचणार."

"असं म्हणजे कसं?"

मी पुस्तक मिटलं.  "पहिल्यांदा मला हसायला उभं केलासा. आता ह्यांना लाजवायला उभं कराय लागलाय. दोन्ही वेळा माझ्या बापाला मधी घेतलासा. मी शिकायला आलोय सर. दाखवायला न्हाई."

शिकलेलं 'आले' त्या वेळी तोंडात आलंच नाही.

 ऋचा बाकाकडं बघत होती. सरांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला.

"कौतुक केलं तर हा माज? फुकट शिकतेयस, विसरू नकोस."

"परीक्षा देऊन आलोय. फुकट न्हाई."

"बाहेर हो. माफी मागायची असेल तर बापाला घेऊन ये."

मी पुस्तक दप्तरात घातलं.  जिना कठडा धरून उतरले. रस्त्यावर आल्यावर फार मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही. भीती वाटली. बारावीचं वर्ष, परीक्षा काही महिन्यांवर, आणि माझ्याकडं आता क्लास नव्हता.

घरी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच सगळं, अगदी 'वाजव'पासून. आईनं लाटणं खाली ठेवलं. "माफी माग जा. थोडंच म्हयनं ऱ्हायल्यात. तोंडावर ताबा ठेवायला काय झालतं तुला?"

 आप्पा म्हणाले, "माझ्यामुळं झालं व्हय हे? मी तिथं लग्नात बोलाय गेलो म्हणून?"

"तुमच्यामुळं न्हाई आप्पा."

"मी येतो उद्या. हात जोडतो. माझं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरंच निघाले. तोच इस्त्रीचा शर्ट. मी दारात आडवी उभी राहिले.

"तुम्ही तिथं हात जोडलासा तर मी आजपासून पुस्तक उघडणार न्हाई."

"खुळी हायस काय? एवढं वाचलंस ते..."

"त्याच्यासाठीच सांगतोय."

आई मागून म्हणाली, "येडी झाली पोरगी." आप्पा मात्र माझ्याकडं बघत राहिले. मग आत आले, शर्ट काढला, खुंटीला अडकवला. बसले. "बरं," म्हणाले. "न्हाई जात." त्यांच्या बोलण्यात अभिमान होता असं मला अजूनही वाटत नाही. ते घाबरले होते. मीही.

पुढचे महिने वाचनालयात गेले. बाकी मुलांकडं क्लासच्या चाचण्या होत्या, माझ्याकडं जुने पेपर. भौतिकशास्त्राचं गणित अडलं की विचारायला कुणी नव्हतं. उत्तराच्या पुस्तकात बघून उलट्या बाजूनं शोधायचं. काही सापडायचं, बरंच नाही.

परीक्षा दिली. जीवशास्त्र उत्तम गेलं. भौतिकशास्त्रानं खाली ओढलं. सरकारी कॉलेज मिळेल एवढे मार्क पडले नाहीत. थोडक्यात गेलं, असं लोक म्हणाले. थोडक्यात गेलेलं जास्त दुखतं.

ऋचाचा फोन आला. तिला खासगी कॉलेज मिळालं होतं. तिचे मार्क माझ्यापेक्षा कमी होते, ते तिनंच सांगितलं, काही न वाटता. मग म्हणाली, "तुला तर कॅटेगरी होती ना गं? तरी नाही झालं?"

मी म्हटलं, "तुला पप्पा होते. झालं." आणि फोन ठेवला.

निकालानंतर घरात एकच विषय. आत्या म्हणाली नर्सिंग कर. शेजारची म्हणाली लग्न बघा. आईच्या मनातही नर्सिंगच होतं, ती फक्त बोलत नव्हती. नर्सिंग वाईट नाही. माझी मावसबहीण करते, राबते, मान मिळवते. पण ते मी निवडलेलं नाही. ते मला दाखवून दिलेलं आहे, एका मीटिंगमध्ये, माझ्या बापाच्या देखत. म्हणून नाही.

मी परत बसले. आता सकाळी एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते, दुपारपासून वाचनालय. या वेळी भौतिकशास्त्राचं पुस्तकही तसंच वाचते आहे, ओळीला ओळ लावून. तेही आधी मी कधी वाचलं नव्हतं, फक्त सूत्रं पाठ केली होती. सुरुवात परत तशीच. पान पुढं सरकत नाही. डोळ्यांना चष्मा लागला आहे. मैत्रिणी कॉलेजला गेल्या, त्यांचे फोटो येतात. मला कंटाळा येतो. खूप येतो. काही दिवस वाटतं, कशाला.

गेल्या आठवड्यात परीक्षेचा फॉर्म भरायला नेट कॅफेत गेले. दुकानात गर्दी होती, सगळी क्लासची मुलं, पालक. कॅफेवाला भला माणूस. माहिती विचारत भरत होता. नाव. जन्मतारीख. शाळा. मग तो टेबलावरून पुढं वाकला आणि माझ्या कानाशी, इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून, कुजबुजला, "कॅटेगरी काय लावू ताई?"

त्याला मला लाज वाटू द्यायची नव्हती. ती मला वाटतच असणार, हे तो धरूनच चालला होता.

"एस.सी.," मी म्हणाले. नेहमीच्या आवाजात. मागच्या खुर्चीवरच्या बाईनं मान वर केली. "मातंग. दाखला आणलाय."

त्यानं गडबडीनं टाइप केलं. मी पडद्यावर स्पेलिंग तपासलं. बरोबर होतं. फॉर्म पुढं गेला.

त्या जागेवर माझा हक्क आहे. तो कुणाच्या दयेनं आलेला नाही आणि कुणाच्या कौतुकानं वाढणार नाही. कमी मार्कांचं मला कुणी ऐकवू नये. ऐकवलं तर मी गप्प बसणार नाही, मग समोर सर असोत, कॉलेज असो, उद्याचा वॉर्ड असो. माझ्या बापाच्या कामाचं नाव घेऊन मला कुणी उभं करणार नाही. हसायला नाही. टाळ्यांना नाही.

या वर्षी झालं तर बरं. नाही झालं तर पुढच्या वर्षी. मी दमले आहे, हे खरं आहे. दमलेलीच बसणार आहे. उठणार नाही.